भुरीची गाठ

शाळेतून आली की कोकिळा पडवीच्या पायरीवर बसायची. लुगडं गुडघ्याखाली दाबून घ्यायची, चहाची वाटी शेजारी ठेवायची आणि भुरी कुत्रीच्या पोटावरून हात फिरवत समोरच्या गल्लीकडे बघत राहायची. दिवसातला हा एकच वेळ असा होता की तेव्हा तिच्याकडून कुणाला काही शिकायचं नसायचं. त्या संध्याकाळी हात फिरता फिरता अडला. मागच्या पायाजवळ, शेवटच्या आचळापाशी, कातडीखाली काहीतरी होतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं, टणक, बोटाखालून सरकणारं. तिनं बोट उचललं आणि पुन्हा ठेवलं. भुरी उताणी पडली होती, डोळे मिटलेले, एक पंजा वाऱ्यावर सोडलेला. हात थांबला म्हणून तिनं एक डोळा उघडला आणि नाकानं मनगटाला ढुसणी दिली. कोकिळानं हात पुन्हा फिरवायला घेतला, पण आता तो हात आधीचा राहिला नव्हता. तो त्या जागेला वळसा घालून जात होता, आणि वळसा घालतोय हे तिला कळत होतं. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा झाला. बायका डोक्यावरची रुई झटकत गल्लीतून घराकडे निघाल्या. चहावर साय धरली. ती उठली, दिव्याची काच पुसायला घेतली, आणि पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की आपण अंगठा तर्जनीवर घासतोय, मघाचा दाणा अजून तिथं असल्यासारखा.

भुरी तिच्याकडे आली तीही रुईतूनच. कापसाच्या प्रेसच्या कंपाउंडात कुठलीशी कुत्री व्याली होती, त्यातलं हे एक पिल्लू अंगभर कापूस चिकटलेल्या अवस्थेत शाळेच्या दारात येऊन बसलं होतं. मुली हसल्या, कोकिळाही हसली. मग घरी जाताना ते मागोमाग आलं आणि तिनं त्याला हाकललं नाही, एवढंच. पाळायचं म्हणून तिनं काही पाळलं नव्हतं. गल्लीत याची थोडी चर्चा झाली. विधवा बाई, मास्तरीण, एकटी राहते, आणि घरात कुत्री. अमडापूरला माहेरी कुत्री वाड्यावस्त्यांवर असत, शेतात असत, त्यांना कुणी घरात घेत नसे. पहिल्या हिवाळ्यात भुरी चुलीजवळ निजली. दुसऱ्या हिवाळ्यात कोकिळाच्या पायथ्याशी. लग्न झालं तेव्हा कोकिळाला नवऱ्याचा चेहरा नीट पाहायला मिळाला नव्हता, आणि तो गेला तेव्हा ती चिंचोके खेळत होती. त्यामुळे आपल्या अंगाला रात्रभर दुसऱ्या कुणाची ऊब लागून असते, ही गोष्ट तिला चाळिशीच्या उंबरठ्यावर, एका कुत्रीकडून, पहिल्यांदा कळली. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

गाठ लागल्यावर बरेच दिवस तिनं काही केलं नाही. वर्गात बेरजा घालताना, शाळा तपासायला नागपूरहून आलेल्या डिप्टींच्या पुढे मुलींकडून कविता म्हणवून घेताना, बोट आपोआप अंगठ्यावर घासू लागे. घरी आली की आधी ती भुरीकडे बघत नसे. भांडी लावी, पाणी भरी, मग उगाच काहीतरी आठवल्यासारखी पायरीवर येई आणि हात सरळ तिथं जाई. कधी वाटे, लहान झालीय. कधी वाटे, दोन झाल्यात. भुरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं की बाई आजकाल फार लाड करतात. दाणा बोराएवढा झाला तेव्हा मात्र कोकिळानं एका सुट्टीच्या दिवशी तिच्या गळ्यात सुती दोरी बांधली आणि ढोरांच्या दवाखान्यात नेली.

दवाखान्याच्या आवारात बैल उभे होते. खांदे सुजलेले, खूर सडलेले. त्यांच्या कासऱ्याला धरून माणसं बसली होती. लुगडं नेसलेली एक बाई कुत्री घेऊन आली म्हणून कुणी हसलं नाही, पण सगळे सरकून बसले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "चावली का कोणाले?" ती म्हणाली, "नाही." "मंग?" तिनं दोरी आखूड धरली. डॉक्टर भगवानराव मध्यम वयाचे, अमरावतीकडचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी भुरीला टेबलावर घेतलं, बोटांनी चाचपलं, भुरीनं त्यांचा हात चाटला. "बाई, ही कापून काढावी लागेल," ते म्हणाले. "आज लहान आहे. आज निघाली तर निघाली." कोकिळानं विचारलं, "तुम्ही काढाल?" ते हात धूत म्हणाले, "मी बैलं बघतो. कुत्र्याला बेशुद्ध करायचं म्हणजे वेगळं काम आहे, मला त्याचा सराव नाही, आणि तशीच बांधून कापा म्हणाल तर ते मी करणार नाही. अकोल्याला एक आहेत, साहेबलोकांची कुत्री बघतात. हात चांगला आहे." मग जरा थांबून त्यांनी तिच्या लुगड्याकडे, तिच्या वहाणांकडे बघितलं आणि आवाज उतरवून सांगितलं, "मात्र फी साहेबलोकांचीच आहे. तुमचा महिन्याचा पगार जाईल, बाई. जायचंच असेल तर उशीर करू नका." त्यांनी पैसे घेतले नाहीत. परतताना भुरी दोरी ताणून पुढं पुढं धावत होती. घराबाहेर पडायला मिळालं याचाच तिला आनंद झाला होता.

महिन्याचा पगार. ती तो आकडा मनात घेऊन झोपली नाही असं नाही. झोपली, पण जागी झाली की तो आकडा आधी जागा झालेला असे. पगारातला मोठा हिस्सा दर महिन्याला भाऊ घेऊन जाई. कुणी मागितला नव्हता. ट्रेनिंगला जाताना त्याच्याच भरवशावर ती गेली होती, आणि नोकरी लागल्यावर पुतण्याच्या शिक्षणाला म्हणून तिनं आपण होऊन द्यायला सुरुवात केली होती. तो हिस्सा गेला की उरे त्यात तिचं आणि भुरीचं भागे. एक महिना भावाला नाही म्हटलं की अकोला होत होतं. एवढंच होतं. पायरीवर बसून तिनं ते वाक्य कितीदा तरी जुळवलं. दादा, या महिन्याला जमणार नाही. दादा, जरा अडचण आहे. काय अडचण, असं तो विचारील इथपर्यंत ती येई आणि परत फिरे.

तिचा भाऊ निवृत्ती बाजाराच्या दिवशी आला. नेहमीसारखा हरभऱ्याची डाळ, गुळाची ढेप, वहिनीनं दिलेल्या कुरडया घेऊन. शेती बरी चालली होती, लढाईमुळं कापसाला भाव आला होता, माणूस खुशीत होता. जेवताना तो भुरीलाही भाकरीचा तुकडा टाकत होता. हात धुऊन झाल्यावर तिनं सांगून टाकलं. सगळं एका दमात सांगितलं, गाठीपासून अकोल्यापर्यंत. तो ओसरीच्या खांबाला टेकून सुपारी कातरत होता. कातरता कातरता थांबला. रागावला नाही. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"पैशाचं काही नाही, कोकिळे," तो म्हणाला. "तुहा पगार हाय, तू नोको देऊ. पोराचं मी पाहून घेईन." मग त्यानं अडकित्ता मिटला. "पण मायले कोणी अकोल्याले नेलं नाही, अन तू कुत्रीले नेऊन राह्यली. येवढंच मले वाटते. बाकी तुह्या मनावर हाय."

त्यानं सुपारी तोंडात टाकली, पटका बांधला आणि गाडी गाठायला निघून गेला. डाळीची पिशवी भिंतीशी तशीच राहिली.

मायच्या, रुखमाबाईच्या, छातीतली गाठ कुणी पाहिली नव्हती, कोकिळानं पाहिली होती. न्हाणीच्या आडोशाला माय चोळीची गाठ सोडून बसायची आणि पोरीकडून कडुलिंबाचं पाणी मागून घ्यायची. पाणी उकळायचं काम कोकिळाचं. पहिल्यांदा तिला वाटलं, मायनं चोळीत काहीतरी लपवून ठेवलंय, खारीक नाहीतर सुपारी. "तुह्या बाले सांगू नोको," माय म्हणाली. "वेचणीचे दिवस हायेत." वेचणीचे दिवस गेले. मग गव्हाचे आले, मग कुणाच्या तरी लग्नाचे आले, आणि दर वेळी माय म्हणे, आता हे दिवस जाऊ दे. बाप वाईट नव्हता, कंजूसही नव्हता. त्याला सांगितलं असतं तर त्यानं गाडी जुंपली असती. पण त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्याला कळलं ते वासानं. तोपर्यंत घरात सगळ्यांनाच कळलं होतं आणि कुणाला काही बोलता येत नव्हतं. कोणता डॉक्टर, कोणता वैद्य, किती घेईल, हा विचार करायची पाळीच त्या घरावर आली नाही. माय गेली तेव्हा बाया म्हणाल्या, सुटली. कोकिळा चुलीपाशी बसून कडुलिंबाचं पाणी उकळत होती, कुणी थांबवलं नाही म्हणून उकळत राहिली होती. तो वास अजून तिच्या नाकात होता. आज दादानं तोच वास ओसरीवर आणून ठेवला होता आणि तो निघून गेला होता. तो खोटं बोलला नव्हता. तिनं उत्तर शोधून पाहिलं. तेव्हा मी लहान होते, हे उत्तर नव्हतं. आता मी मिळवती आहे, हेही नव्हतं. मायसाठी जे झालं नाही ते कुत्रीसाठी होणं, याला उत्तरच नव्हतं. पगार झाला तेव्हा तिनं भावाचा हिस्सा नेहमीसारखा बाजूला काढला, आणि पुढच्या बाजाराला त्याच्या हातात दिला. त्यानं तो न मोजता खिशात घातला.

शेजारच्या खैरुन्निसाचा नवरा हयात असताना टांगा हाकायचा. तिनं घोड्यांचं औषधपाणी करणाऱ्या बद्रुद्दीन सलोत्र्याचं नाव सांगितलं. "आमच्या घोड्याचा पाय त्यानंच बरा केला होता, बाई. खुशीनं द्याल ते घेते. एक डाव दाखवून तं पाहा." खैरुन्निसा वयस्क होती, कोकिळा तिला मावशीच्या नात्यानं खाला म्हणे. बद्रुद्दीन टांग्याच्या अड्ड्यामागं बसे. त्यानं भुरीला लांबूनच पाहिलं, गाठ पाहिली आणि म्हणाला, "हे कापायचं काम नाही. कापलं की मुळं पसरतात. लेप लावला की वरच्या वर गळून जाईल." त्याच्या आवाजात इतकी खात्री होती की कोकिळाला रडू येईल असं वाटलं. इतके दिवस तिला असंच कुणीतरी बोलणारं हवं होतं. लेपात मोरचूद होता, आणि आणखी काय होतं ते त्यानं सांगितलं नाही. दर तिसऱ्या दिवशी लावायचा, वर पट्टी बांधायची, चाटू द्यायचं नाही.

पहिल्या दिवशी भुरी आपण होऊन उताणी झाली. तिला वाटलं, हात फिरवणार. लेप लागला तशी ती ताडकन उठली, आणि ओरडली नाही, फक्त तिनं कोकिळाकडे बघितलं. कोकिळानं ते बघणं बाजूला सारलं. औषध आहे, झोंबणारच. दुसऱ्या खेपेला भुरी उताणी झाली नाही, तिला कुशीवर पाडावं लागलं. नंतर नंतर जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तोंड बांधावं लागलं, दोन गुडघ्यांत मान धरावी लागली. लेप लावताना कोकिळा बोलत राही. झालं हं, झालं माझी बाय, आता झालंच. हे शब्द तिला कुठून येत होते कोण जाणे. तिनं ते कधी कुणाला म्हटले नव्हते, आणि तिलाही कधी कुणी म्हटले नव्हते. पुढं भुरीला ते शब्द कळू लागले. "झालं हं" म्हटलं की ती पलंगाखाली जाई. मग कोकिळा गप्प राहून लेप लावू लागली, तेव्हा भुरी वाटीच्या आवाजाला जाऊ लागली. मग वाटी आधीच आणून ठेवली तर नुसत्या पावलांना. पायथ्याची जागा रिकामी राहू लागली. रात्री कोकिळाचे पाय गार पडत आणि पलंगाखालून पट्टी चाटल्याचा आवाज येई. ती अंधारात म्हणे, नको ग चाटू. आवाज थांबे, आणि थांबला की तिला आणखी वाईट वाटे, कारण तो भिऊन थांबलेला असे. लेप सोडून द्यावा असं तिच्या मनात येई, पण गाठीचा वरचा भाग काळा पडला होता, बद्रुद्दीन म्हणत होता, आता गळेल. त्यासाठी इतकं सोसलं, तिनंही आणि मीही. आता मध्येच सोडायचं कसं. उन्हाळा आला. गाठ गळली नाही, फुटली. त्या संध्याकाळी दार उघडताच मायच्या वेळी कडुलिंबाच्या पाण्याखाली दबलेला तो वास घरात होता, आणि या वेळी ते पाणी नव्हतं.

त्या महिन्याला तिनं भावाला कुणाच्या तरी हाती निरोप धाडला, या बाजाराला येऊ नको. कारण कळवलं नाही. ती भुरीला घेऊन अकोल्याला निघाली. रेल्वेत कुत्र्याला माणसांत बसू देत नव्हते. गार्डाच्या डब्यात लोखंडी पेटी होती, तीत भुरीला कोंडलं. जलंबला गाडी बदलायची होती. पेटी उघडली तेव्हा भुरी मागच्या पत्र्याला चिकटून बसली होती. कोकिळानं हाक मारली, ती आली नाही. दोरी ओढली, तिनं पाय रोवले. हमाल म्हणाला, "सरका बाई," आणि त्यानं नुसतं चुचकारलं. भुरी त्याच्या पायाशी उतरली, त्याच्या धोतराचा वास घेतला, शेपूट जराशी हलवली. कोकिळानं हमालाला पैसे दिले आणि ती फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली. ऊन रुळांवर पडलं होतं. कुठल्यातरी बाईचं पोर चिंचेसाठी रडत होतं.

अकोल्याचे डॉक्टर तरुण होते. घर बंगल्यासारखं, दारात कुंड्या, आत औषधांचा स्वच्छ वास. त्यांनी भुरीला कानापासून हळू हळू कुरवाळत टेबलावर निजवलं, नळी लावून छाती ऐकली, पुन्हा ऐकली. त्यांचं ऐकणं लांबत गेलं तसं कोकिळाला सगळं समजत गेलं.

"हे काय लावलं होतं?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, त्यात दोष देणं नव्हतं. "आता छातीत गेलंय, बाई. मी कापतो म्हणालो तर कापीन, तुम्ही फीही द्याल. पण ते तुमच्या समाधानासाठी होईल. हिच्यासाठी नाही."

"आधी आणली असती तर?" कोकिळानं विचारलं.

ते हात पुसत राहिले. "ते आता कशाला," ते म्हणाले. मग म्हणाले, "एक इंजेक्शन आहे. झोप लागते. त्याचे मी पैसे घेत नाही."

भुरी त्यांच्या हाताखाली शांत पडली होती. कित्येक महिन्यांत ती कुणाच्या हाताखाली अशी पडली नव्हती. कोकिळाला वाटलं, हो म्हणावं. मग वाटलं, ही अशी आठवण घेऊन जाईल, मी इथं आणून सोडली अशी. घरी न्यावी, लेप बंद करावा, दूधभात घालावा, थोडे दिवस का होईना पूर्वीसारखं होईल. हे भुरीसाठी नव्हतं, तिला स्वतःला ते थोडे दिवस हवे होते. हे तिला तिथंच, त्या स्वच्छ वासात, लख्ख कळलं, आणि तरीही ती म्हणाली, "घरी नेते."

लेप बंद झालाय हे भुरीला सांगायची सोय नव्हती. कोकिळा आत शिरली की ती पलंगाखाली, आणि पलंगाखाली वाकून बघितलं की दारातून बाहेर. एके सकाळी ती परतली नाही. खैरुन्निसाच्या ओट्यावर, लाकडी तख्ताखाली, भिंतीला पाठ लावून ती पडली होती. खैरुन्निसानं तिला उठवलं नाही.

"मी तं हातही नाही लावत, बाई," ती कोकिळाला म्हणाली. "नमाजाचं अंग हाय, कुत्र्याले शिवता येत नाही. पण पडली हाय तं पडू द्या. कोणाचं काय घेऊन राह्यली."

ती हात लावत नाही म्हणूनच भुरी तिथं होती. कोकिळानं दूधभात आणला की भुरी तोंड फिरवी. तोच भात खैरुन्निसानं फुटक्या परळात ओतला आणि आत गेली की ती चाटी. म्हणून मग कोकिळा भिंतीवरून वाटी देऊ लागली आणि मागं सरून खिडकीच्या गजाआडून बघू लागली. भात संपला की तिला बरं वाटे, आणि असं बरं वाटण्याची लाजही वाटे. पायरीवर ती आता बसत नव्हती. तिथून ओटा दिसे, आणि ओट्यावरून भुरीलाही ती दिसे. शाळेत मुली विचारत, बाई, भुरी कुठाय. ती म्हणे, आहे. पुढं भात उरू लागला. पुढं नुसतं पाणी.

त्या सकाळी खैरुन्निसानं भिंतीपलीकडून हाक मारली. "बाई, येऊन जा. आता काही खरं नाही." कोकिळा होती तशी गेली, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली. भुरीच्या बरगड्या वरखाली होत होत्या, डोळ्यांवर माशा बसत होत्या. आता तिला हलता येणार नाही, आता तरी जवळ बसता येईल, असं कोकिळाच्या मनात आलं. भुरीचं नाक हललं. तिनं डोकं उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, तेव्हा पुढचे पाय जमिनीवर रेटून ती अंगुळभर मागं सरकली. मागं भिंत होती. तरी ती भिंतीत शिरू पाहत होती, आणि सगळं अंग थरथरत होतं.

कोकिळा उठली. वाऱ्याची दिशा तिच्या घरावरून ओट्याकडे होती. तिनं घरात येऊन दार लावलं, खिडकी लावली, आपला वास तिकडे जाऊ नये म्हणून फटीत फडकं कोंबलं, आणि पावलं वाजू नयेत म्हणून मधघरात जमिनीवर बसून राहिली. शाळेची घंटा तिनं बसल्या जागी ऐकली. ऊन कौलांतून खाली उतरलं, सरकत भिंतीवर गेलं. पलीकडे खैरुन्निसाची भांडी वाजली, थांबली. मग तिचं पाऊल ओट्यावर आलं आणि बराच वेळ तिथंच उभं राहिलं.

"बाई," ती भिंतीपलीकडून म्हणाली, हळू आवाजात. "आता या. आता नाही भेत ती."